आभाराची झोप

यंदा निवडणूक झाली आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या मोबाईलवर आभार आले. निवडून आलेल्या गृहस्थांचा हात जोडलेला फोटो, मागं उगवता सूर्य, खाली ‘आपला ऋणी’. मी राहतो कळंबला आणि हे गृहस्थ उमरगा तालुक्यातले, मुरुमच्या बाजूचे. त्यांना मी मत दिलं नव्हतं, देऊही शकत नव्हतो. पण माझा नंबर सासुरवाडीच्या कुठल्या तरी ग्रुपात अडकलेला आहे, त्यामुळं सरसकट सगळ्यांबरोबर माझेही आभार मानले गेले. मी तो फोटो बायकोला दाखवला. ती भाकरी थापत होती. हात पिठाचे, म्हणून लांबूनच मान तिरकी करून तिनं वाचलं आणि म्हणाली, ‘‘ह्याला म्हणावं, आभार कसले मानतोस. झोपायला ये.’’

बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर आमच्या घराबद्दल भलताच समज करून घेतला असता. म्हणून सगळं नीट सांगायला हवं.

याच गृहस्थांच्या जागी एकेकाळी माझे सासरे निवडून येत. पंचायत समितीवर ते तीनदा गेले. आता जाऊन काही वर्षं झाली त्यांना. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे, पण त्यांच्या मतदारसंघातली सगळी गावंही त्यांना मामाच म्हणायची. त्यामुळं जावई म्हणून माझ्या वाट्याला खास असं काही उरलेलं नव्हतं. आरक्षणाची चिठ्ठी दर खेपेला त्यांच्या सोयीची कशी निघाली, हे मला आजही कळलेलं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, म्हणायच्या, ‘‘चिठ्ठी काढणारा बी ह्यांच्यासारखाच पेंगत असंल.’’

मामांची उंची बेताची, चालणं संथ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यातला एक दुपारपर्यंत घामानं पुसला गेलेला असायचा. खांद्याला कापडी पिशवी. पुढाऱ्याच्या पिशवीत काय असतं? अर्ज, शिफारसपत्रं, शिक्के. मामांच्या पिशवीत उशी असायची. सावरीच्या कापसाची, हातभर लांब, आणि तिची खोळ मामींच्या जुन्या इरकल लुगड्याची. ती खोळ धुऊन धुऊन इतकी मऊ झाली होती की एकदा मी सहज गाल टेकवून बघितला, तर चहा निवेपर्यंत उठलोच नाही.

निकाल लागायचा, मिरवणूक व्हायची, मामी गुलालाचे कपडे भिजत घालायच्या, आणि मामा ही उशी घेऊन मतदारांच्या घरी झोपायला निघायचे.

हा त्यांचा आभारदौरा. ना हार, ना भाषण, ना फटाके. दुपारची जेवणं आटोपायच्या सुमाराला ते दारात उभे राहायचे. घरची माणसं ‘या मामा’ म्हणायची, कानडी बोलणारं घर असेल तर ‘बर्री, बर्री’. मामा चपला काढायचे, पिशवीतून उशी काढायचे आणि विचारायचे, ‘‘कुठं टाकू पाठ?’’

त्यांचं आभाराचं भाषण एवढंच.

मग घरातली बाज पुढं यायची, वाकळ झटकली जायची आणि मामा आडवे व्हायचे. दोनचार श्वासांत त्यांचा डोळा लागायचा. आणि मग ते घर कसं होऊन जायचं, ते सांगायला माझ्याकडं नीट शब्द नाहीत. टीव्हीचा आवाज बंद व्हायचा, नुसती चित्रं हलत राहायची. चुलीपुढची बाई कुकरची शिट्टी व्हायच्या आत तो उतरवून ठेवायची. म्हातारी दारात बसून कोंबड्यांना हातानंच दटावायची. गल्लीतून मोटारसायकल आली की कुणीतरी पुढं होऊन बोट ओठांवर ठेवायचं, आणि गाडीवाला इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायचा. हिवाळ्यातली दुपार, दारात तुरीच्या शेंगांचा ढीग, उन्हात तरंगणारा भुस्सा, आणि मधोमध आपण निवडून दिलेला माणूस तोंड उघडं टाकून झोपलेला. घरातली माणसं आळीपाळीनं येऊन बघून जायची. पाळण्यातलं लेकरू बघावं तशी.

‘‘मामा, हे काय खूळ?’’ मी एकदा विचारलं.

‘‘खूळ कशाचं? प्रचारात त्यांनी माझं तोंड नुसतं चालू बघितलं. आता जरा बंद पडल्यालं बघू दे की.’’

‘‘पण आभार?’’

‘‘जावईबापू, कुणाच्या बी घरी आपल्याला झोप लागती का? तुम्हाला लागती का?’’

मला कुणाच्याही घरी झोप लागते. शाळेत लागते, बैठकीत लागते, एसटीत उभ्या उभ्या लागते. पण जावयानं सासऱ्याचा सिद्धांत मोडू नये.

उठल्यावर मामा उपरण्यानं डोळे पुसायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि मग बोलायचे. ते बोलणं ऐकायला शेजारपाजारचेही जमायचे. ‘‘तुमच्या पत्र्याला भोक हाय. ऊन बरोबर डोळ्यावर आलं. पावसाळ्यात म्हातारीच्या अंगावर पाणी येत असंल.’’ किंवा, ‘‘डास लई चावलं. मागं गटार तुंबल्यालं हाय काय?’’ किंवा, ‘‘त्या डीपीचा घूंऽऽ असा आवाज येतोय. जळणार हाय ती, सांगून ठिवतो.’’ घरच्यांना ज्याची सवय होऊन गेलेली, ज्यासाठी कुणी अर्जसुद्धा केला नसता, ते सगळं या माणसाला झोपेत कळायचं. मग पंचायत समितीत जाऊन तो त्या गटारासाठी भांडायचा. विरोधक म्हणायचे, हा सभागृहात जागा असतो कारण झोप मतदारसंघात उरकून येतो. तसं ते खरंच होतं.

एकदा तर ते पिठाच्या गिरणीत झोपले. गिरणीवाल्याची खोली म्हणजे गिरणीच, दुसरी जागाच नव्हती. पोत्यांवर आडवे झाले. गिरणीवाला पट्टा काढायला धावला, तर मामांनी हात केला, ‘‘चालू राहू दे, लोकांची दळणं खोळंबतील.’’ आणि त्या खडखडाटात झोपले. उठले ते पांढरे होऊन. विभूतीचे पट्टे कुठं संपतात आणि पीठ कुठं सुरू होतं, ते दिसेना. तसेच बाजारातून चालत घरी आले. मामी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘‘आता एवढं मळून घ्या स्वतःला, म्हणजे तव्यावर टाकते.’’

तिसऱ्या निवडणुकीत त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या गड्यानं या झोपेचाच प्रचार केला. त्याची रिक्षा गावोगाव ओरडत फिरायची, ‘या वेळी जागा माणूस निवडा!’ मामांनी एका पारावर त्याला उत्तर दिलं. ‘‘त्यो बरोबर बोलतोय. जागा माणूस लई कामाचा. हरभऱ्याला रानडुकरं लागल्यात, त्याला राखणीला ठिवा.’’ लोक पोट धरून हसले आणि मामा तिसऱ्यांदा निवडून आले.

तेव्हा मी प्रथमच त्यांच्याबरोबर आभाराला गेलो. मी सरकारी शाळेतला मास्तर, प्रचारात फिरायची मला बंदी. पण झोपणाऱ्याच्या सोबत जायला कसली आचारसंहिता? मी रजा टाकून स्कूटर घेऊन सासुरवाडीला आलो. जावयाचा मान म्हणून मला स्कूटर चालवायला दिली. माझीच होती ती.

निघताना मामींनी उशी पिशवीत घातली आणि पिशवी मामांच्या हातात न देता क्षणभर तशीच धरून ठेवली. ‘‘सगळीकडं झोपता. आवंदा तरी आप्पा भावजींकडं झोपून या.’’

मामांनी पिशवी घेतली. स्कूटरवर मागं बसले. गावाबाहेर पडल्यावर माझ्या पाठीमागून आवाज आला, ‘‘ते सगळ्यात शेवटी घ्यायचं, जावईबापू.’’

आप्पा म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. शेजारच्याच गावी राहायचे. त्यांचा धंदा मंडपाचा आणि भोंग्याचा. लग्न, बारसं, जत्रा, कीर्तन, काहीही असो, भोंगा आप्पांचाच. दोघांचं बोलणं भांडताना मराठीत आणि समेट करताना कानडीत चालायचं. मामा पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आप्पांनी धंदा बंद ठेवला, रिक्षावर दोन भोंगे बांधले आणि स्वतः माईक घेऊन बसले. त्यांचा प्रचार मी ऐकलेला नाही, पण बायको त्यांची नक्कल हुबेहूब करते. ‘‘ऐका हो ऐकाऽऽ! ह्यो माणूस म्या विहिरीत पोहताना उघडा बघितलाय! त्याच्यापाशी लपवायसारखं काय बी न्हाय!’’ मामी कानावर हात ठेवायच्या, पण गावच्या गावं त्या आवाजामागं यायची. मामा निवडून आले ते निम्मे आप्पांच्या घशावर, असं मामा स्वतःच सांगायचे.

आणि मग पहिली विजयाची सभा झाली.

त्या काळी मामांची उशी घरीच असायची. नव्यानं निवडून आलेला माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, समोर तालुक्याचे पुढारी. कुणा हुशार कार्यकर्त्यानं आभाराचं भाषण लिहून आणलं आणि मामांनी ते जसंच्या तसं वाचलं. आपल्याकडं सभा कशी संपते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी आभारप्रदर्शन असतं. पाहुण्यांचे झाले, पोलिसांचे झाले की लोक धूळ झटकत उठायला लागतात, बायका चपला शोधायला लागतात, आणि त्या गडबडीत मंडपवाल्याचे आणि भोंगेवाल्याचे आभार मानले जातात. ते कुणी ऐकत नाही. ऐकायचे नसतातच. त्या जागी मामांनी वाचलं, ‘मंडप व ध्वनिक्षेपकाची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल श्रीयुत अमुक अमुक यांचा मी अत्यंत आभारी आहे.’

श्रीयुत अमुक अमुक म्हणजे आप्पा. ते स्टेजच्या बाजूला मशीनजवळ बसले होते. स्वतःच्याच भोंग्यातून, चारी दिशांना, स्वतःचे आभार त्यांना ऐकावे लागले. कार्यकर्त्यानं शाल-नारळ हातात दिला, तो त्यांनी घेतला. मग खाली बसून वायरी गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडली तेव्हा मामांनी नेहमीसारखी हाक मारली. आप्पांनी चप्पल काढून नमस्कार केला. ‘‘नमस्कार साहेब.’’

‘‘आरं, साहेब काय? काय झालं?’’

‘‘काय न्हाय, साहेब. आभार पोचलं.’’

तिथून पुढं ते साहेबच. भांडण नाही, अबोला नाही. बोलावलं की येणार, भोंगा लावणार, ‘साहेब, तोंड कुठं करू’ म्हणून विचारणार आणि निघून जाणार. पुढच्या निवडणुकांत मशीन त्यांचंच होतं, पण माईक दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात. मामी म्हणायच्या, ‘‘आभार परक्याचं मानतेत. ह्यांनी घरच्या माणसाला पावती फाडून दिली.’’

त्या दिवसापासून मामांनी कुणाला ‘आभारी आहे’ म्हटलं नाही. दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा उशी घेऊन निघाले, आणि पहिल्यांदा आप्पांच्याच दारात गेले. आप्पांनी लगबगीनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, टॉवेलनं पुसली, वर दुसरा टॉवेल अंथरला. ‘‘बसा साहेब.’’ मामा बसले. चहा आला, घेतला. खुर्चीत झोपता येत नाही. मांडीवर उशी घेऊन थोडा वेळ बसले आणि परत आले. त्यानंतर बाकीच्या घरी झोपले, गिरणीत झोपले ते तेव्हाच. पण घरी आल्यावर त्या दिवशी मामींना म्हणाले होते, ‘‘सगळं गाव झोपू देतंय, त्योच देत न्हाय.’’

हे सगळं ठाऊक असल्यामुळं तिसऱ्या खेपेच्या दौऱ्यात मी जरा धास्तावूनच होतो. रोज दुपारी एखादं घर व्हायचं. मी स्कूटर लावायचो, ओट्यावर बसायचो, आणि घरचे मला कानडीत काहीबाही विचारायचे. मला कानडी येत नाही. मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवायचो आणि प्रत्येक वेळी माझ्या ताटात हुग्गी पडायची. खपली गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. मामा आत झोपलेले, बाहेर उन्हात सगळी गल्ली कुजबुजत चाललेली, लांब ज्वारीच्या रानात कुणीतरी पाखरं हाकतंय, त्याचा आवाज येईपर्यंत विरून गेलेला. मला तर वाटायचं, निवडणूक, निकाल हे सगळं कुठंतरी दुसरीकडं घडलं असावं आणि ही माणसं केव्हापासून अशीच या माणसाच्या उठण्याची वाट बघत बसली असावीत.

मामांना मात्र तेव्हा नीट झोप लागत नव्हती, हे मी ओळखलं. त्यांच्या पायाचा अंगठा बघायचा. डोळा लागला की तो स्थिर व्हायचा. जागे असले की वाजंत्र्यासारखा हलायचा. तेव्हा तो बराच वेळ हलायचा.

शेवटी आप्पांचा दिवस आला. त्यांच्या गावाच्या वेशीपाशीच आवाज कानावर आला, ‘‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग.’’ कुठलं तरी लग्न निघालं होतं. गोदामाच्या पत्र्यावर बांबूला एक भोंगा बांधून आप्पा मशीन तपासत होते. मामांनी मागून माझा खांदा दाबला. ‘‘आवाज अजून तसाच हाय,’’ ते म्हणाले.

गोदामात कनातींचे गठ्ठे, गाद्यांची थप्पी, लोड, आणि भिंतीला ओळीनं टांगलेले भोंगे, दुपारच्या उन्हात खाली माना घालून डुलक्या घेतल्यासारखे. मशीनचा तांबडा दिवा चालू. आम्हाला बघून आप्पांनी माईक ठेवला. वाळके, उंच, मिशा पांढऱ्या.

‘‘या साहेब. अभिनंदन.’’ आणि त्यांनी खुर्ची आणली. तीच असावी. टॉवेलही तसाच.

मामा बसले नाहीत. पिशवीतून उशी काढून म्हणाले, ‘‘कुठं टाकू पाठ?’’

‘‘धूळ हाय साहेब. कापडं खराब व्हतील.’’

‘‘तुजी वैनी धुती.’’

‘‘खुर्ची आणलीया की.’’

‘‘खुर्चीवर जावई बसतेत.’’

मी लगेच बसलो. कुणी बस म्हटलं की बसायचं, एवढं एक मला चांगलं जमतं. मामा गाद्यांच्या थप्पीशी गेले, तिथं पसरलेल्या एका जुन्या गादीवर उशी टाकली आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. आप्पा क्षणभर उभे राहिले. मग एका पेटीवर टेकले आणि वायर गुंडाळायला लागले. ती गुंडाळलेलीच होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

मशीनची बारीक घरघर, पत्र्यावर कबुतरांची पावलं. मामांचा अंगठा हलत होता. आप्पांची वायर संपली, पुन्हा सुटली, पुन्हा सुरू झाली. मला कळत होतं की इथं काहीतरी व्हायला हवं आहे आणि ते होईल की नाही, याचा साक्षीदार आख्ख्या जगात मी एकटा आहे. मी डोळे ताणून बसलो. घरी जाऊन बायकोला आणि मामींना एकेक शब्द सांगायचा होता. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आली होती, तीत धूळ वर वर जात होती. मी त्या धुळीकडं बघत होतो. येताना वाटेत एका घरी जेवलो होतो, तिथं हुग्गी दोनदा झाली होती.

पुढचं मला आठवतं ते असं, की मी एसटीत होतो. एसटी घाट चढत होती आणि तिचं इंजिन भयंकर आवाज करत होतं. माणसं खिडक्यांतून हसत होती. मी कंडक्टरला विचारलं, एवढा आवाज का, तर तो बोट ओठांवर ठेवून म्हणाला, झोपू द्या. घाट संपेना आणि आवाज वाढतच गेला, पुढून, मागून, वरून, डोंगरावरून परत फिरून येऊ लागला. मग एकाएकी इंजिन बंद पडलं.

मी डोळे उघडले. माझ्या तोंडासमोर माईक होता.

माईकच्या मागं आप्पा होते, गुडघ्यावर बसलेले, डोळ्यांतून पाणी. त्यांच्या शेजारी गादीवर मामा, उशी पोटाशी धरून, आवाज न करता गदगदा हसत होते. हसणं आवरत नाही म्हणून उशीत तोंड खुपसत होते.

‘‘बंद पडली गाडी,’’ आप्पा म्हणाले. ते भोंग्यावरून साऱ्या गावात गेलं.

बाहेर फाटकाशी माणसं जमली होती. बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं. आत कुणाला दिसत नव्हतं. एक म्हातारी मोठ्यानं दुसरीला सांगत होती, ‘‘ऐकलंस का गं? मामा आप्पाकडं झोपलं! आन् किती गाढ!’’

आप्पांनी माईकवर हात ठेवला आणि मामांना म्हणाले, ‘‘आरं, ह्यो तुजा जावई हाय का चक्की?’’

‘‘गुरुजी हायती. वर्गात बी ह्येच शिकवतेत.’’

‘‘पोरगी दिली तवा ऐकून बघितलं न्हाईस व्हय रं?’’

‘‘तवा तू सोबत हुतास की. तूच म्हनला, पोरगं शांत हाय.’’

आणि दोघं पुन्हा सुरू झाले. मी तोंड पुसलं. काय झालं, कोण आधी हसलं, माईक कुणाच्या डोक्यातून निघाला, त्याआधी काही बोलणं झालं का, कुणी कुणाला काही म्हणालं का, ज्या एवढ्याशा गोष्टीसाठी मी कळंबहून रजा काढून आलो होतो, ती माझ्यासमोर तीन हातांवर घडली आणि मी तिथं नव्हतो. पुढं मी मामांना खोदून खोदून विचारलं, ‘‘मामा, नेमकं काय बोललात?’’ ते म्हणायचे, ‘‘तुम्ही बोलू कुठं दिलं?’’

मी फाटकाकडं बघून खुलासा करायला उठलो, तर मामांनी बोट ओठांवर ठेवलं. आप्पांनी मान हलवून दुजोरा दिला. म्हणजे ते घोरणं मामांच्या नावावर जमा झालं. त्या गावात आजही सांगतात, मामा सगळीकडं झोपले पण आप्पाच्या गोदामासारखं कुठंच घोरले नाहीत. मी कधी खोडून काढलेलं नाही. मास्तराच्या नावावर असलं काही नसलेलंच बरं.

हसून हसून दोघं दमले. आप्पा भिंतीला टेकून बसले आणि कानडीत हळू काहीतरी म्हणाले. मामांनी तसंच हळू उत्तर दिलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही आणि या वेळी कुणी हुग्गीही वाढली नाही. मग मामांनी एक मोठी जांभई दिली. उशी झटकली, गादीवर ठेवली आणि आडवे झाले. या खेपेला भिंतीकडं तोंड नव्हतं. आप्पांचा गुडघा हाताच्या अंतरावर होता.

मी अंगठ्याकडं बघत होतो. तो एकदा हलला, पुन्हा एकदा हलला, आणि थांबला.

थोड्या वेळानं मामांचं घोरणं सुरू झालं. माझ्यासारखं नव्हे. बारीक, संथ, लांबून मोट चालल्यासारखं, मधेच विसावणारं. फाटकातून कुणीतरी ओरडलं, ‘‘ओ आप्पा, आवाज गेला की! माईक लावा की जवळ!’’

आप्पा उठले. मला वाटलं, माईक घेतील. त्यांनी मशीनचं बटण दाबलं. तांबडा दिवा विझला, घरघर थांबली, आणि एवढा वेळ ती चालू होती हे तेव्हा कळलं. त्यांनी पिनसुद्धा काढून हातात घेतली, दारात गेले आणि बाहेरच्यांना म्हणाले, ‘‘जावा घरी. एवढं काय सगळ्यांनी ऐकायचं नसतंय.’’

मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘जावईबापू, गाडी सावलीला घ्या. ह्यो आता लवकर उठत न्हाय.’’

मी गाडी सावलीला घेतली. ऊन फिरलं, तशी पुन्हा एकदा घेतली.